सहा इंची सुपरहिरो घरी आणताना: नव्याने फिगर जमवणाऱ्यांसाठी

माझ्या पुस्तकांच्या कपाटाचे वरचे दोन कप्पे सध्या स्पायडरमॅन आणि त्याच्या गोतावळ्याच्या ताब्यात आहेत. आई त्यांना अजून ‘बाहुल्या’च म्हणते, आणि तिचं फारसं चुकत नाही. १९६४ मध्ये हॅसब्रो कंपनीने जी. आय. जो हा जवळपास बारा इंचांचा सैनिक बाजारात आणला, तेव्हा ‘मुलगे बाहुली घेणार नाहीत’ या धास्तीने त्याला ‘अ‍ॅक्शन फिगर’ म्हणायला सुरुवात झाली. साठ वर्षं झाली, आपण तेच नाव छातीठोकपणे सांगतो आणि आई हसते.

गेली काही वर्षं मी या फिगर घेतोय आणि त्यांचे रिव्ह्यू लिहितोय. पहिल्या दोन वर्षांत बरेच पैसे पाण्यात गेले, कारण कुठे जपून पाय टाकायचा हे मराठीत सांगणारं कुणी भेटलं नाही. तुम्ही सुरुवात करत असाल तर पाकीट उघडण्याआधी एवढं वाचून घ्या.

१. आधी माप ठरवा, मग हिरो

दिवाळीचा किल्ला आठवा. महादरवाजात डोकंही शिरणार नाही एवढा मावळा, बुरुजाच्या उंचीची गवळण आणि तिच्या शेजारी मांजराएवढा वाघ. अंगणात ते चालतं, किंबहुना त्यातच मजा असते. पण हजारो रुपये घालून कपाटात तसाच किल्ला उभा राहिला की चुटपुट लागते. माझा तसाच झाला होता. पहिल्या वर्षी दिसेल ते घेतलं आणि बॅटमॅन स्पायडरमॅनशेजारी उभा केला, तर तो शाळेचा पीटीचा मास्तर आणि हा सहावीतला पोरगा!

बाजारात मुख्यतः चार मापं दिसतील (१/१२ म्हणजे खऱ्या उंचीचा बारावा हिस्सा, तसंच बाकीचं):

- पावणेचार इंच, म्हणजे १/१८. १९७७-७८ च्या सुमारास केनर कंपनीच्या स्टार वॉर्स खेळण्यांनी हे माप रुजवलं. जागा कमी लागते, बारकावे कमी असतात.
- सहा इंच, म्हणजे १/१२. मार्व्हल लेजंड्स, जपानची एस. एच. फिगुआर्ट्स आणि मॅफेक्स या मालिका यातल्या. सहा फुटी माणूस या मापात साधारण १५ सेंटिमीटरचा होतो.
- सात इंच. २०२० पासून मॅकफार्लेन टॉइजने डीसीचे, म्हणजे बॅटमॅन-सुपरमॅनच्या कॉमिक्स कंपनीचे, हिरो या मापात काढले. माझा पीटीचा मास्तर इथलाच.
- बारा इंच, म्हणजे १/६. हाँगकाँगची हॉट टॉइज यासाठी प्रसिद्ध. खऱ्या कापडाचे कपडे, चेहरा थेट नटाचा, आणि एकीच्या किमतीत बरा मोबाइल येतो.

नव्या माणसाला मी सहा इंच सुचवतो. पर्याय सर्वांत जास्त, सुटे हात-डोकी सहज मिळतात, आणि एका फुटाच्या फळीवर पाचसहा जण दाटीवाटी न करता उभे राहतात. डीसीचेच वेडे असाल तर सात इंचांवर ठाम राहा. दोन्हीकडे पाय ठेवू नका.

२. विषय अरुंद ठेवा

‘मला सगळेच आवडतात’ हे वाक्य सगळ्यांत महाग पडतं. एक हिरो आणि त्याचे शत्रू, किंवा एकच संघ, किंवा एकाच चित्रपटातली पात्रं, असं काहीतरी कुंपण घाला. माझं कुंपण स्पायडरमॅन आणि त्याचे खलनायक. त्यात एक वूल्वरिन घुसलाय, त्याची गोष्ट पुढे येईल.

इथे एका गोड सापळ्याबद्दल सांगायलाच हवं. मार्व्हल लेजंड्स मालिका २००२ मध्ये टॉय बिझ कंपनीने सुरू केली. पहिल्या फेरीत, म्हणजे एकत्र बाजारात आलेल्या गटात, आयर्न मॅन, कॅप्टन अमेरिका, हल्क आणि टोड होते. मग २००५ मध्ये त्यांनी नामी युक्ती काढली. एका फेरीतल्या प्रत्येक डब्यात एका मोठ्या पात्राचा एकेक अवयव टाकायचा, सगळे डबे घेतले की गॅलॅक्टस उभा राहणार. याला ‘बिल्ड-अ-फिगर’ म्हणतात. २००७ पासून ही मालिका हॅसब्रोकडे आली आणि युक्तीही सोबत आली. आता होतं काय, की सहापैकी दोन फिगर तुम्हाला हव्या असतात, पण मोठ्या पात्राचा उजवा पाय नेमका नकोशा पाचव्या डब्यात असतो. आपल्याकडे तर कित्येकदा पूर्ण फेरी येतच नाही. माझ्याकडे एका खलनायकाचं धड आणि डावा हात तीन वर्षं चपलांच्या खोक्यात पडून होता. हवं ते पात्र घ्या आणि उरलेले अवयव जुन्या संग्राहकांकडून सुटे विकत घ्या. कुणाच्या तरी घरी तो उजवा पाय बेवारस पडलेला असतोच.

३. जवळ काय काय हवं

साधनं साधी आहेत, निम्मी घरातच सापडतील: स्टीलची पट्टी, केस वाळवायचा ड्रायर, मेकअपचा मऊ ब्रश, धारदार कटर, छोट्या झिपच्या पिशव्या (सुटे हात त्यातच, नाहीतर केरसुणीला सापडतात), सिलिका जेलच्या पुड्या, भांडी घासायचा सौम्य साबण आणि दोन पांढरे कार्डपेपर.

कागदपत्रांत प्रत्येक खरेदीचं बिल जपा, निदान त्याचा फोटो तरी. परदेशातून मागवणार असाल तर आधार आणि पॅनची प्रत तयार ठेवा, कुरियरवाले केवायसी मागतात. एक तक्ता करा: तारीख, फिगर, कुणाकडून, किती रुपये, वरखर्च किती. मी हा तक्ता दुसऱ्या वर्षी केला आणि बेरीज बघून एक महिना काहीही घेतलं नाही.

४. कुठून घ्यायचं

खेळण्यांच्या मोठ्या दुकानात अधिकृत माल येतो, पण भरवसा नाही. त्यामागे कारण आहे. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची झाली. शिवाय खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेलं आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. त्यामुळे अमेरिकेत पंचवीस डॉलरला दिसणारी फिगर इथे कितीला पडेल, हे पंचवीसला डॉलरच्या भावाने गुणून कळत नाही. परदेशी दुकानातून मागवताना वाहतूक, शुल्क आणि कुरियरची हाताळणी असे तीन खर्च वेगळे धरा. माझं पहिलं पार्सल दारात आलं तेव्हा कुरियरच्या पोऱ्याने जो आकडा सांगितला, तो फिगरच्या किमतीच्या जवळपास होता. पार्सल परत पाठवलं असतं तर भरलेले पैसे गेले असते, म्हणून दात-ओठ खात भरले.

कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्सप्रेमींच्या मेळ्याला, जरूर जा, पण पहिल्या दिवशी बघायला आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी घ्यायला. माल परत बांधून नेण्याचा कंटाळा विक्रेत्यालाही असतो.

जुन्या वस्तूंचा नाद असेल तर मुंबईचा चोर बाजार आणि पुण्याचा रविवार-बुधवारचा जुना बाजार यांत वर्षातून एखादी लॉटरी लागते. आणि आधी स्वतःच्या घरचा माळा तपासा. फनस्कूलने भारतात बनवलेले जी. आय. जो आठवतात का? या कंपनीचा एक कारखाना गोव्यात. हॅसब्रोच्याच साच्यांतून निघालेल्या या फिगरांचे रंग मात्र भलतेच असायचे, आणि त्या भलत्या रंगांमुळेच परदेशातले संग्राहक आज त्या शोधत असतात. ते सुपरहिरो नव्हेत हे खरं, पण माळ्यावर सापडले तर भाच्याला देऊन टाकू नका.

ऑनलाइन ग्रुपवर कुणाकडून जुनी फिगर घेताना एक नियम पाळा. फिगरशेजारी आजची तारीख आणि तुमचं नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवून फोटो मागा. खरा विक्रेता दहा मिनिटांत पाठवतो. ‘आत्ता गावी आहे, आधी अर्धे पाठवा’ म्हणणाऱ्याला नमस्कार करा.

५. नक्कल ओळखा

आपल्याकडे हिला ‘फर्स्ट कॉपी’ असं लाडाने म्हणतात. जपानी फिगरांच्या नकला तर इतक्या निघतात की बाजारात आधी नक्कलच भेटते. मी फसलोय. सीलबंद म्हणून एक स्पायडरमॅन घेतला होता, किंमत अस्सलच्या निम्मी, आणि ‘स्टॉक क्लिअरन्स’ या दोन शब्दांवर मी विश्वास ठेवला. डबा उघडला तर रॉकेलसारखा भपकारा. सूट लाल हवा तर विटकरी. जाळ्याच्या रेघा नाकाजवळ तुटलेल्या. उभा केला तर गुडघे हळूहळू वाकत तो नमाज पढायला बसल्यासारखा खाली आला. रंगाचा एक कण नखाने निघाला आणि खाली पांढरं प्लास्टिक.

तेव्हापासून मी या क्रमाने बघतो:

- डब्यावरची बारीक अक्षरं. नक्कल डबा हा बहुतेकदा अस्सल डब्याच्या फोटोवरून छापलेला असतो. मोठं नाव ठसठशीत दिसतं, पण मागची कायदेशीर मजकुराची ओळ फुटलेली, धुरकट असते.
- अंगावरचा ठसा. अस्सल फिगरच्या तळपायावर, मांडीमागे किंवा पाठीवर कंपनीचं नाव, देश, साल असं काहीतरी कोरलेलं असतं. नकलेत ती जागा गुळगुळीत असते किंवा अक्षरं विरघळल्यासारखी.
- वास. नव्या प्लास्टिकला थोडा वास असतोच, पण डोकं दुखवणारा नव्हे.
- किंमत. चार ठिकाणी जी साडेतीन हजारांच्या आसपास आहे ती पाचव्या ठिकाणी बाराशेला का, याचं उत्तर तुमच्या फायद्याचं नसतं.

सीलबंद डबाही उघडून पुन्हा चिकटवता येतो. टेप दुहेरी दिसली, टेपखाली पुठ्ठ्याचा वरचा थर सोललेला असला, तर समजा कुणीतरी आत जाऊन आलंय. म्हणून पार्सल उघडताना अखंड व्हिडिओ काढा, कुरियरच्या पिशवीवरच्या पत्त्यापासून. तक्रार करताना तोच एक पुरावा.

दुकानात एकाच फिगरचे चार डबे असतील तर चारही चेहरे बघून घ्या. हल्ली चेहरे डिजिटल छपाईने छापतात. एखाद्याची छपाई केसभर सरकलेली असते आणि अख्खा कॅप्टन अमेरिका तिरळा निघतो.

६. डबा उघडल्यावर पहिला अर्धा तास

इथे घाई करणाऱ्यांची मनगटं तुटतात, म्हणजे फिगरांची. डिसेंबरात पुण्यात सकाळी सात वाजता मी एका ग्रीन गॉब्लिनचं मनगट फिरवायला गेलो. रंगाने सांधा धरलेला होता, थंडीने प्लास्टिक कडक झालं होतं. बारीकसा ‘टक’ आवाज आला. पंजा माझ्या हातात, सांध्याची तुटलेली खिळी त्याच्या मनगटात. अशा वेळी तोंडातून निघतं ते इथे लिहिता येणार नाही.

फिगर बाहेर काढली की आधी प्रत्येक सांधा फक्त चाचपा. जो हलत नाही त्याला जोर लावू नका. ड्रायरची गरम हवा वीसतीस सेकंद दाखवा किंवा तो भाग गरम पाण्यात धरा. पाणी चहाचं आधण येण्याआधी असतं तेवढं गरम पुरे, गॅसवर उकळत ठेवायची गरज नाही. मग सांधा पुढेमागे किंचित हलवत मोकळा करा. ‘कटकट’ करणाऱ्या सांध्याला पिळायचं नाही, त्याचे टप्पे मोजत फिरवायचं.

हीच युक्ती वाकलेल्या वस्तूंना. माझ्या वूल्वरिनच्या नख्या डब्यातून आल्या त्या उकडलेल्या शेवग्याच्या शेंगांसारख्या. हात गरम पाण्यात बुडवला, नख्या बोटांनी सरळ केल्या आणि तशाच धरून बर्फाच्या पाण्यात घातल्या. थंड होताना प्लास्टिक नवा आकार धरतं. तलवारी, भाले, वाकडे घोटे, सगळ्यांना हाच इलाज.

सांधा उलट सैल असेल तर खिळीवर फेव्हिकॉलचा अगदी पातळ थर द्या, पूर्ण वाळू द्या आणि मगच जोडा. ओला असताना जोडलात तर सैल सांध्याचा प्रश्न कायमचा मिटेल, सांध्यासकट.

७. कपाट आणि पावसाळा

काचेचं दार हवंच. आपल्या धुळीला उघडी फळी म्हणजे आमंत्रण. थेट ऊन येणारी भिंत टाळा, उन्हाने पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं आणि लाल फिकटतो. मागची रांग दिसावी म्हणून पायऱ्या लागतात. बाजारात त्यांना महागडी नावं आहेत, मी गौरींच्या आराशीच्या छोट्या पायऱ्या वापरतो. भाद्रपदात तीन दिवस त्या परत द्याव्या लागतात, तेवढे दिवस सिनिस्टर सिक्स, म्हणजे स्पायडरमॅनच्या सहा खलनायकांची टोळी, जमिनीवर.

पावसाळ्यात खरा शत्रू ओल. डब्यांवर बुरशी येते आणि कसर पुठ्ठा खाते. डबे ठेवणार असाल तर मोठ्या प्लास्टिक पिशवीत सिलिका जेल टाकून ठेवा आणि पुड्या दर पावसाळ्याला बदला. कपड्यांच्या सवयीने डांबराच्या गोळ्या मात्र टाकू नका. त्यांच्या वाफेने काही प्रकारचं प्लास्टिक मऊ पडतं. जुनी फिगर चिकट लागायला लागली तर घाबरू नका, मऊ प्लास्टिकमधलं तेलकट द्रव्य वर येतं. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, मग सावलीत वाळवणं. नेलपॉलिश रिमूव्हरला हातही लावू नका, डागाबरोबर चेहराही जातो.

८. रिव्ह्यू लिहायला घ्या

दहाबारा फिगर झाल्या की लिहावंसं वाटतं. जरूर लिहा, मराठीत फार कमी लोक लिहितात. पण डबा उघडल्या दिवशी लिहू नका. त्या दिवशी सगळंच छान दिसतं. किमान दोन आठवडे टेबलावर ठेवा, येता-जाता पोझ बदला. रंग कुठे घासला, कुठला घोटा सैल झाला, रात्रीत कोण तोंडावर पडलं, हे तेव्हा कळतं आणि वाचणाऱ्याला हेच हवं असतं.

आधी मोजा. पट्टी लावून सेंटिमीटरमध्ये उंची लिहा आणि पात्राच्या उंचीशी ताडून बघा. कॉमिक्समधला वूल्वरिन ५ फूट ३ इंचांचा, म्हणजे १/१२ मापात तो सव्वातेरा सेंटिमीटरच्या आसपास भरायला हवा आणि ६ फूट २ इंचांच्या कॅप्टन अमेरिकाच्या खांद्यापर्यंत यायला हवा. तो बरोबरीने उभा असेल तर कंपनीने नेहमीचंच धड वापरलंय हे समजलं. मी तो बुटका निघाला म्हणूनच कुंपण मोडून घेतला.

मग सांधे. ‘तीस ठिकाणी वळतो’ हा आकडा डब्यावरून उतरवण्यात काही अर्थ नाही. त्या पात्राला जे करता यायला हवं ते येतं का, हे तपासा. स्पायडरमॅन उकिडवा बसला पाहिजे, तोही टाचा न उचलता. सुपरमॅनची मान मागे झुकली पाहिजे, नाहीतर उडताना तो जमिनीवर पडलेलं नाणं शोधतोय असं दिसतं. धनुर्धर असेल तर दोन्ही हात छातीसमोर येतात का? कॅप्टनची ढाल मनगटावरून घसरते का? माझ्या दृष्टीने हा भाग रिव्ह्यूचा निम्मा.

रंग दिवसाच्या उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली नव्हे. फोटोसाठी खिडकीशी टेबल ओढा, एक कार्डपेपर मागून खाली असा वळवून ठेवा, दुसरा सावलीच्या बाजूला उभा करा. मोबाइल थोडा लांब नेऊन झूम करा आणि कॅमेरा फिगरच्या डोळ्यांच्या पातळीवर आणा. वरून काढलेल्या फोटोत प्रत्येक हिरो खेळणं दिसतो. फ्लॅश बंद. दोष दिसणारा एक फोटो हवाच, नुसत्या देखण्या पोझ टाकल्या तर ती जाहिरात झाली.

किंमत लिहिताना तुम्ही खरोखर किती भरलेत ते सगळं धरून लिहा. दुकानाने किंवा कंपनीने फिगर फुकट दिली असेल तर ते पहिल्याच परिच्छेदात सांगा. अ‍ॅस्की या जाहिरात क्षेत्राच्या स्वयंनियमन संस्थेने २०२१ मध्ये सोशल मीडियावर लिहिणाऱ्यांसाठी तसे नियमच घातलेत. आणि नियम नसते तरी फुकटच्या फिगरचे घोटे आपल्याला घट्टच वाटतात.

दहापैकी गुण द्यायचे की नाही? मी देत नाही. ‘पूर्ण किमतीत घ्या’, ‘सवलतीत घ्या’, ‘राहू द्या’ एवढे तीनच शेरे ठेवलेत. आणि सहा महिन्यांनी जुन्या रिव्ह्यूखाली एक ओळ घालतो. वूल्वरिनच्या रिव्ह्यूखाली गेल्या मे महिन्यात लिहिलंय: ‘उकाड्याने डाव्या हाताच्या नख्या पुन्हा वाकल्या. पाणी गरम करायला ठेवलंय.’